कुरडईचा रकाना

विनताबाईंचं म्हणणं अजूनही तेच आहे. कुरडयांचे डबे गाडीत सीटखाली सारले असते, वरून चादर टाकली असती, तर एवढं रामायण घडलंच नसतं. जगातली निम्मी कामं सीटखाली सारून होतात आणि उरलेली निम्मी श्रीपादराव मनावर घेतात म्हणून होत नाहीत, असा त्यांचा छत्तीस वर्षांच्या संसाराचा निष्कर्ष आहे.

झालं ते असं. जबलपुरात श्रीपादराव ताऱ्यांच्या घरी वरच्या मजल्यावर रोशनी श्रेष्ठ नावाच्या नेपाळी बाई नऊ वर्षं भाड्यानं राहिल्या. नवरा इथल्या एका शाळेत गणित शिकवायचा. त्यांची मुलगी क्षमा वर झोपायची आणि खाली जेवायची, त्यामुळे तिला कुरडई मराठी असते हे बरेच दिवस माहीतच नव्हतं. पुढे मंडळी आपल्या गावी, बुटवलला परत गेली. यंदा चैत्रात रोशनीचा फोन आला की क्षमाचं लग्न ठरलंय, जेठातला मुहूर्त आहे. मग क्षमानं आईच्या हातून फोन ओढून घेतला. "काकू, शादी में हर थाली में कुरडई चाहिए. नहीं तो मैं मंडप में बैठूँगीच नहीं."

थाळ्या सातशे होत्या. रोशनी संकोचून म्हणाली, एवढं फुकट कसं घ्यायचं, माझ्या दिराचं बुटवलला किराणा दुकान आहे, तो रीतसर ऑर्डर देईल, बिल करा. विनताबाई "बिल कसलं गं" म्हणणार होत्या, पण फोन स्पीकरवर होता आणि आरामखुर्चीत श्रीपादराव होते. ऑर्डर, बिल आणि नेपाळ हे तीन शब्द एका दमात ऐकून ते उठून बसले.

इथे श्रीपादरावांची ओळख करून दिलेली बरी, कारण ती ते स्वतः करून द्यायला लागले तर पाऊण तास जातो. विक्रीकराच्या नाक्यावर त्यांनी तीस वर्षं नोकरी केली. नाका म्हणजे रस्त्यावर आडवा बांबू आणि बांबूशेजारी श्रीपादराव. कागदावर एक आणि ट्रकात दुसरं, असं त्यांनी एकदाही जाऊ दिलं नाही. एकदा कागदावर 'बादल्या' होतं आणि आत निघाले टब. कडी नाही म्हणजे बादली नाही, एवढ्या मुद्द्यावर त्यांनी तो ट्रक दिवसभर उभा केला. ड्रायव्हरनं त्यातल्याच एका टबात आंघोळ केली, तरी ते बधले नाहीत. लाच त्यांनी कधी घेतली नाही हे खरं, आणि याच्यापेक्षा घेणारे परवडले असं ट्रकवाले म्हणायचे हेही खरं. पुढे सरकारनं नाकेच उठवले. ते त्यांनी फार मनाला लावून घेतलं.

पण माणूस निवृत्त झाला की त्याला विचार सुचू लागतात. शेजारच्या विकसनशील देशांनी आपसातल्या व्यापारातले अडथळे कमी करावेत, असा एक लेख त्यांच्या वाचनात आला आणि जन्मभर अडथळा म्हणून पगार घेतलेला हा माणूस अडथळ्यांच्या विरोधात गेला. मराठी मंडळात त्यांनी यावर व्याख्यान दिलं. एकोणीस श्रोते होते, त्यातले सहा नंतरच्या भजनाला लवकर आलेले. "नियमानं चालणाऱ्याला अडथळा नसतोच," हे त्यांचं शेवटचं वाक्य. त्यावर शेजारचे भाऊराव उठले. भाऊराव मूळचे वर्ध्याकडचे, फॅक्टरीतून निवृत्त झालेले, आणि दुसऱ्याच्या कामात त्यांचा उत्साह दांडगा. ते म्हणाले, बोलणं सोपं आहे, एखादी वस्तू शेजारच्या देशात नियमानं पाठवून दाखवा. या वाक्याला टाळ्या पडल्या. व्याख्यानाला पडल्या नव्हत्या.

तेव्हा रोशनीच्या दिराची ऑर्डर म्हणजे श्रीपादरावांना देवानं दिलेली संधी वाटली. तीस किलो कुरडया नेपाळला जातील, भेट म्हणून नव्हे तर निर्यात म्हणून जातील, सगळ्या कागदांनिशी आणि लग्नाच्या आत जातील, असं त्यांनी मंडळाच्या पायरीवर उभं राहून जाहीर केलं. विनताबाईंनी ते घरी आल्यावर ऐकलं आणि शांतपणे सांगितलं, "अहो, लेकराचं लग्न आहे. तुमच्या नियमांपायी तिचं ताट रिकामं राहिलं, तर मी तुमच्याशी बोलणार नाही. अन् हे मी रागात नाही बोलून राहिले."

मंडळातल्या शरयूताई आणि आणखी चार बायका मदतीला आल्या. जबलपूरजवळच्या पाटणचा गहू तीन दिवस भिजला, वाटला, गाळला. पहाटे चीक शिजला आणि उन्हं वर यायच्या आत गच्चीभर सोऱ्यानं कुरडया पडल्या. असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी तीस किलो कुरडया डब्यांत भरून तयार होत्या. बायकांचं काम इथे संपलं. श्रीपादरावांचं सुरू झालं.

मुलगी समृद्धी घरूनच इंदूरच्या कंपनीचं काम करते. तिनं निर्यातीची वेबसाइट उघडली. पहिली दोन पानं सुरळीत गेली. तिसऱ्या पानावर 'वस्तू' असा रकाना होता आणि त्याखाली यादी. यादीत पापड होता, शेवया होत्या, नूडल्स होत्या, बिस्किटांच्या अकरा जाती होत्या. कुरडई नव्हती.

"बाबा, पापड लिख देते हैं ना. किसको पता चलेगा?"

"मला," श्रीपादराव म्हणाले.

मग त्यांनी तिला समजावून सांगितलं. पापड लाटतात, कुरडई पाडतात. पापड चपटा असतो. पापड भाजता येतो, कुरडई कुणी भाजून दाखवावी. ज्या माणसानं टबाला बादली म्हटलं नाही, तो कुरडईला पापड म्हणेल का? समृद्धीनं यादीच्या तळाशी 'इतर' असल्याचं दाखवलं. त्यावर श्रीपादरावांनी एवढंच सांगितलं की 'इतर' हा रकाना चोरांसाठी ठेवलेला असतो, हे तीस वर्षांच्या अनुभवाचं सार आहे. समृद्धीनं लॅपटॉप मिटला आणि "अच्छा, चलो" म्हणून ती आपल्या कामाला लागली.

तेव्हा श्रीपादराव प्रत्यक्ष निर्यातीच्या ऑफिसात गेले. अर्जात मालाचं नाव 'कुरडई' लिहिलं होतं, पण आमच्याकडे कुरोडी म्हणतात, त्याची नोंद नको का, असा भाऊरावांनी आग्रह धरला होता. म्हणून शेवटी 'कुरडई ऊर्फ कुरोडी' झालं. टेबलामागच्या बाबूनं ते दोनदा वाचलं आणि हळूच विचारलं, "ये ऊर्फ वाला कौन है? कोई केस चल रहा है क्या?" श्रीपादरावांनी पिशवीतून कुरडई काढून दाखवली. बाबूनं ती उजेडात धरून पाहिली आणि तपासणीसाठी दोन किलो नमुना ठेवून घेतला. तीन दिवसांनी श्रीपादराव पुन्हा गेले तेव्हा तपासणी पूर्ण झाली होती. ती कशी झाली हे साऱ्या मजल्यावर दरवळत होतं. निष्कर्ष असा निघाला की वस्तू उत्तम आहे, पण काय आहे ते दिल्लीला विचारावं लागेल.

श्रीपादरावांनी दिल्लीला तीन पानी पत्र लिहिलं. सोबत कुरडईची आकृती जोडली, वरून आणि बाजूनं. उत्तर आलं, की अशा शंकांसाठी आपल्या जवळच्या ऑफिसात विचारणा करावी.

मधल्या काळात खाण्याच्या वस्तूंचा परवाना काढायचा होता. त्यासाठी एक निरीक्षक गच्चीवर आले. नियमाप्रमाणे माल जिथे तयार होतो तिथे छप्पर हवं. "छत कहाँ है?" त्यांनी विचारलं. आपण तिच्यावरच उभे आहात, असं श्रीपादरावांनी नम्रपणे सांगितलं. निरीक्षक म्हणाले, छत के ऊपर छत चाहिए. कुरडई उन्हात वाळते, उन्हाला छप्पर घातलं तर ऊन कुठून येणार, हा प्रश्न त्यांच्या अधिकारकक्षेत येत नव्हता. मग भाऊरावांनी तोडगा काढला, पारदर्शक प्लास्टिकचा मांडव घालायचा. ऊनही येईल, छप्परही होईल. मांडव घातला, प्रात्यक्षिकासाठी शरयूताईंनी नाइलाजानं घाणाभर कुरडया पाडल्या, आणि वैशाखातल्या उन्हानं त्या प्लास्टिकखाली दुपारपर्यंत शिजून त्यांचा एक लगदा झाला. निरीक्षकांनी छपराचा फोटो काढला, लगद्याकडे पाहिलं नाही, आणि परवाना दिला. म्हणजे जिथे कुरडई होऊच शकत नव्हती त्या जागेला परवाना मिळाला. शरयूताईंनी त्या दिवसापासून ताऱ्यांच्या घरी येणं बंद केलं. जाताना निरीक्षक दोन किलो नमुना घेऊन गेले.

माल भारतातलाच आहे, असा दाखला लागत होता. गहू पाटणचा, मीठ दुकानातलं, पाणी नळाचं, सोऱ्या सासूबाईंचा अमरावतीचा. इथवर ठीक होतं. पण कोणतीही परदेशी वस्तू वापरली आहे काय, या प्रश्नापाशी श्रीपादराव थबकले. कुरडया ज्या प्लास्टिकवर वाळवल्या, त्याच्या कडेला चिनी अक्षरं होती. त्यांनी ती प्रामाणिकपणे उतरवून काढली, बघून बघून, आणि अर्जाला जोडली. चीनचं नाव निघाल्याबरोबर फाइल वरच्या साहेबांकडे गेली आणि बारा दिवस तिथेच बसली. अर्थात चार किलो नमुन्यासह.

आतापावेतो ही बातमी कॉलनीत सगळ्यांना कळली होती आणि सल्ल्यांना तोटा नव्हता. पनागरचा भाजीवाला म्हणाला, माझा साडू ट्रकवर आहे, भोपळ्यांच्या खाली टाकून नेईल. बँकेतल्या एका गृहस्थांनी लग्नच जबलपुरात करावं असं सुचवलं. भाऊराव तर रोज संध्याकाळी फाटकाशी उभे राहायचे. "काहून जीव जाळून राहिले, तारे? सीमा उघडी आहे. लोक सायकलीवर धान्याचे बोरे घेऊन जाऊन राहिले. पापड लिहा अन् मोकळे व्हा." व्याख्यानानंतर आव्हान याच माणसानं दिलं होतं, पण आठवण करून देण्यात अर्थ नव्हता. भाऊराव आपलं बोलणं दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवत नाहीत.

लग्न पाच दिवसांवर आलं. तीस किलोतले नमुने जाता बावीस किलो उरले होते. क्षमाचा फोन आला, "काका, कुरडई निकली क्या?" श्रीपादराव म्हणाले, "फाइल निकली है, बेटा." मग क्षमा एवढंच म्हणाली, "अच्छा." ते अच्छा श्रीपादरावांना रात्रभर टोचत राहिलं. विनताबाईंनी ते ऐकलं होतं. त्यांनी बावीस किलो कुरडया पाच खोक्यांत बांधल्या आणि समृद्धीला गोरखपूरची दोन तिकिटं काढायला सांगितली. श्रीपादरावांनी फाइल घेतली. ती आता खोक्यापेक्षा जड झाली होती.

गोरखपूरहून बसनं ते सीमेवर पोचले तेव्हा लग्न दुसऱ्या दिवसावर होतं. आपल्या बाजूच्या खिडकीत एक तरुण बाबू होता, स्वभावानं चांगला. त्यानं फाइल चाळली, चिनी अक्षरांपाशी जरा रमला, आणि म्हणाला की कागद सगळे आहेत, पण वस्तूचा रकाना रिकामा असेपर्यंत कॉम्प्युटर पुढे सरकत नाही. एक तर दिल्लीचं पत्र आणा, नाहीतर पापड लिहा. बाहेर लोक आपापल्या पिशव्या, कोंबड्या, गाद्या घेऊन सरळ पलीकडे चालले होते. विनताबाई खोक्यावर बसल्या होत्या, डोक्यावर पदर, उन्हानं चेहरा लाल. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर श्रीपादरावांना वाद घालता आला असता.

त्यांनी पेन काढलं आणि 'पापड' लिहिलं.

दहा मिनिटांत शिक्का पडला. तीन अक्षरं लिहायला त्यांना दोन महिने लागले होते. ठेल्यावर खोकी लादून ते पलीकडे निघाले तेव्हा त्यांना सगळं जग आपल्याकडे बघतंय असं वाटत होतं. प्रत्यक्षात फक्त ठेलेवाला बघत होता, कारण ते मध्येच चालायचे थांबले होते.

नेपाळच्या बाजूला पन्नाशीचे एक अधिकारी बसले होते. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला, कागद वाचला, सगळा वाचला, मागच्या बाजूचा मजकूरही वाचला. मग उठून खोकं उघडलं, एक कुरडई तळहातावर घेतली आणि श्रीपादरावांकडे पाहिलं.

"यह पापड़ नहीं है."

विनताबाईंनी डोळे मिटून घेतले. अधिकारी सावकाश म्हणाले, "सत्ताईस साल से पापड़ देख रहा हूँ. पापड़ चपटा होता है."

श्रीपादराव पकडले गेले होते, आणि त्याच क्षणी, हे त्यांनी नंतर विनताबाईंकडे कबूल केलं, त्यांना अतिशय आनंद झाला. दोन महिने दोन देशांत एकही माणूस हे म्हणाला नव्हता. एरवी दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, साहेब, पापडाचाच प्रकार समजा. श्रीपादराव सरळ उभे राहिले.

"आप ठीक कहते हैं. मैंने गलत लिखा. जानबूझकर लिखा."

खोटं विवरण म्हणजे माल जप्त, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी स्वतः असे कितीतरी माल जप्त केले होते. उद्या सातशे ताटं आणि आज ही पाच खोकी टेबलावर. छत्तीस वर्षांत कधी रडल्या नव्हत्या तशा विनताबाई आता रडतील, असं त्यांना वाटलं. पण विनताबाई उठल्या, अधिकाऱ्यांच्या तळहातावरची कुरडई त्यांनी उचलून घेतली, समोरच्या टपरीवर भजी तळणाऱ्या बाईंना बाजूला सारलं आणि कुरडई कढईत सोडली. ती तेलात पडताच फुलून तिप्पट झाली. टपरीवरची बाई मागे सरली. विनताबाईंनी ती कागदावर काढून अधिकाऱ्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी तुकडा मोडला. कुर्र असा आवाज झाला, आणि मग बराच वेळ तेवढाच आवाज येत राहिला.

"नाम क्या है इसका?"

श्रीपादरावांनी नाव सांगितलं. 'ऊर्फ' त्यांनी गाळलं. अधिकाऱ्यांनी मोठी वही ओढली आणि ठळक अक्षरांत लिहिलं, कुरडई. आपलीच लिपी, आपल्याच वळणाची अक्षरं. श्रीपादराव चाचरत म्हणाले, लेकिन सूची में तो यह है नहीं. अधिकारी वर न बघता म्हणाले, "सूची में नहीं है तो सूची में लिखेंगे. चीज़ तो सामने है न."

मात्र चुकीचं विवरण दिलं होतं, त्याचा दुरुस्तीचा अर्ज करावा लागेल, तीन प्रतींत, आणि त्यावर उद्या सकाळी दहा वाजता मोठ्या साहेबांसमोर सही. तोवर माल सोडता येईल, पण कुणीतरी जामीन राहायला हवं. "माल जाएगा," अधिकारी म्हणाले, "आप रहिए." श्रीपादराव इतक्या उत्साहानं हो म्हणाले, की विनताबाईंनी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. जकात भरून, एक किलो नमुना देऊन आणि त्याची चक्क पावती घेऊन त्या खोक्यांसह बुटवलच्या बसमध्ये बसल्या.

श्रीपादरावांनी पाच पानी अर्ज लिहिला. अधिकाऱ्यांनी तो पाचही पानं वाचला आणि दुसऱ्या पानावर एक शंका काढली. मग सांडगा, कुरडई आणि पापड यांच्या व्याख्यांवर दोघांची चर्चा झाली. असा सुखाचा दिवस श्रीपादरावांना नाके उठल्यापासून लाभला नव्हता. सकाळी ते सीमेजवळच्या लॉजमधून निघून बरोबर दहाला हजर झाले. पण ते आपल्या घड्याळातले दहा होते. नेपाळचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे असतं, आणि मोठे साहेब त्यांची दहा मिनिटं वाट पाहून मीटिंगला गेले होते. ते दीडला परतले.

श्रीपादराव बुटवलच्या मांडवात पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. जेवणं उठली होती. आचारी कढया घासत होते. सातशे ताटांत कुरडई गेली होती, बाहेरच्या पाहुण्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली होती, आणि आता सबंध नेपाळात शिल्लक होती ती सीमेवरच्या ऑफिसात, नमुना म्हणून. विनताबाई मुलाकडच्या बायकांत बसून चिकाचं प्रमाण सांगत होत्या. नवऱ्याला पाहून त्यांनी हातानंच खूण केली, तिकडे जा.

तिकडे क्षमा होती, लाल साडीत, कपाळभर कुंकू. श्रीपादराव पुढे झाले. आपण उशीर केला, आणि पोरीचं लग्न चुकवलं, हे त्यांना आता कुठे समजत होतं. क्षमानं शालीच्या आड झाकून ठेवलेली वाटी काढली. वाटीत एक कुरडई होती.

"काका, आखिर किस नाम से आई?"

"अपने नाम से, बेटा," श्रीपादराव म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

ती हसली, आणि खा म्हणाली. त्यांनी कुरडई तोंडात टाकली. सकाळपासून वाटीत राहून ती पार सादळली होती, चामड्यासारखी चिवट झाली होती. क्षमानं विचारलं, कुरकुरीत आहे ना? श्रीपादराव हो म्हणाले, आणि शेवटचा तुकडासुद्धा त्यांनी तिच्या देखत चावून चावून संपवला.